शुक्रवारची पगारी सुट्टी

हॉलमध्ये माणसं दोन. एक आरोही, दुसरा फुगे फुगवणारा तिप्पण्णा. खुर्च्या मात्र सव्वाशे, सगळ्यांना पांढरे झगे घातलेले आणि पाठीवर गुलाबी बो. आरोही दारापर्यंत जायची, बाहेर सात रस्ता चौकातल्या गर्दीत आपलं कुणी दिसतंय का बघायची, परत यायची. एक बो सरळ करायची, पुन्हा दाराकडं. डीजेवाला साउंड चेक करून चहाला गेला तो गेलाच. पनीर गार होत होतं.

नाशिकहून येऊन तिला तीनच महिने झालेले. चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, ती तिथली नवी एचआर. मालक उदयसिंहसाहेबांनी पहिल्याच मीटिंगला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, वर्षअखेरची पार्टी तुमच्याकडं. गेल्या वर्षी लोक जेवले आणि हात पुसत पसार झाले. या वेळी माणसं रमली पाहिजेत. रमली, तर तुमची नोकरी कायम. नाही रमली, तर... बघू."

त्या 'बघू'नं तिची झोप उडवली होती. साहेब आज सकाळीच अक्कलकोटला दर्शनाला गेले होते आणि तिथून थेट हॉलवर येणार होते. म्हणजे आता कधीही.

तयारीत तिनं काही कमी ठेवलं नव्हतं. तंबोला, संगीत खुर्ची, जोड्यांचा डान्स. तारीखसुद्धा सगळ्यांना विचारून ठरवलेली. म्हणजे विचारलं सगळ्यांना, उत्तर दिलं सिद्धाप्पानं. हा सुपरवायझर, पन्नाशीचा, मिशीतल्या मिशीत हसणारा.

"शुक्रवार घ्या की मॅडम. त्या दिवशी समदे मोकळे हायती."

"नक्की?"

"येकदम. फकस्त पगारी सुट्टीची नोटीस लावा. आख्ख्या दिवसाची. बायकांना नटायला टाइम नको व्हय?"

तिनं नोटीस लावली, खाली झोकात सही केली. खात्यात अशा टाळ्या पडल्या की मशिनींचा आवाज ऐकू येईना. तिला वाटलं, लोकांना डीजेचा आनंद झाला.

आता ती एकेकाला फोन लावत होती. एकाचा बंद, एकाचा कव्हरेजच्या बाहेर. शिलाई खात्यातल्या केराबाईंनी तेवढा उचलला. मागं वारं भणाणत होतं, पोरं खिदळत होती.

"केराबाई, कुठं आहात तुम्ही?"

"हितंच की! आन् तुमी कुटं ओ? निघाला न्हाय व्हय अजून?"

"मी हॉलवरच आहे!"

"आँ? काय ऐकू येईना बगा," म्हणत केराबाईंनी फोन ठेवला.

आरोही मटकन खुर्चीत बसली, लगेच उठली. राजीनामा द्यायचा की वाट बघायची? गावभर बोभाटा होणार, त्याचं काय? तेवढ्यात तिप्पण्णानं शेवटच्या फुग्याला गाठ मारली आणि डोकं खाजवत जवळ आला.

"म्याडम, मी निगू का? घरची खोळंबलीत. आज येळवस हाय न्हवं."

"काय आहे आज?"

"येळ अमावस्या ओ! शेतात जायाचं, कडब्याची खोप करायची, पांडव पुजायचे, समद्या भाज्यांची भज्जी आन् आंबील हाणायची. आज आमच्या गावात कुत्रं बी घावायचं न्हाय तुमाला. समदी रानात."

"समदी? म्हणजे आमची माणसंसुद्धा?"

"मंग? ती काय पुण्याची हायती व्हय?"

"अहो, पण मला कुणी सांगितलं का नाही?"

तिप्पण्णा तिच्याकडं बघतच राहिला. "ह्ये काय सांगायचं असतंय?"

तिच्या डोक्यात एकच नाव पेटलं. तिनं सिद्धाप्पाला फोन लावला. गड्यानं तो पहिल्याच रिंगला उचलला.

"सिद्धाप्पा! तुम्हाला माहीत होतं!"

"व्हय," सिद्धाप्पा म्हणाला. आवाजात लाज नावाला नाही. "अवो, दरसाल आमी आर्ज करतोय. साहेब म्हणत्यात, कॅलेंडरात लाल न्हाय, मंग सुट्टी न्हाय. अवंदा तुमच्या सहीनं मिळाली की! लई पुण्य लागलं बगा तुमाला."

"पुण्य घाला चुलीत! माझी नोकरी चाललीय इथं. साहेब आता येतील, आणि हॉलमध्ये मी आणि फुगेवाला!"

"साहेब? त्ये न्हाय यायचे हालात."

"का? काय केलंत तुम्ही त्यांना?"

"म्या काय करणार? आमचं रान अक्कलकोट रोडलाच हाय. साहेबांची गाडी दिसली, हात केला, आडवा झालो. येळवसला वाटंवरचा माणूस उपाशी सोडायचा नसतोय मॅडम. थांबा, देतो त्यांच्याकडं."

"नको! सिद्धाप्पा, नको—"

फोन कुणाकुणाच्या हातातून गेला. भांडी वाजली, कुणीतरी "साहेबांना वाढा की अजून" म्हणून ओरडलं. मग कानाशी नुसतं चावण्याचं चपचप. आरोहीनं डोळे मिटून घेतले.

"साहेब, मी तुम्हाला सगळं समजावून सांगते..."

"थांबा हं." साहेबांनी घास गिळला, वर घटाघट आंबील ढोसली. "सगळ्यांचं जेवून कधीचं झालंय. मीच आपला परत बसलोय. एक माणूस उठायला तयार नाही. ज्यांना शेत नाही, त्यांनासुद्धा ह्यांनी उचलून आणलंय. पोती टाकून गाणी चाललीत, मघाशी केराबाईनं तर मला सूरपाट्या खेळताना बाद केलं. असली रमलेली माणसं मी कारखाना काढल्यापासून बघितली नाहीत."

आरोहीनं डोळे उघडले. तेवढ्यात पलीकडचा आवाज एकदम मालकाचा झाला.

"पण मॅडम, हे बरोबर नाही. अख्खा कारखाना हजर आहे. खाडा फक्त तुमचा पडलाय."