स्लॅबवरली परीक्षा

"हळद सरकवा गं तिकडं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मास्तरणीला टोचून राहिली."

शिला आणि पेमा या दोघी सुनांनी शिजवून वाळत घातलेली हळद हातानं लोटली. घराच्या स्लॅबवर सतरंजीपुरती जागा झाली. तांड्यात रेंज तिथंच येते.

मास्तरीण म्हणजे डॉक्टर लमीस. गाझाची. तिथल्या कॉलेजात ती भरतकामाचा इतिहास शिकवायची. आता बंजाऱ्यांचं भरतकाम बघायला आली होती आणि रुख्मिणीबाईंकडंच मुक्कामी होती. पूर्वी हैदराबादला शिकल्यामुळं हिंदी बोलायची, मोडकी पण ठणठणीत.

तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर तिची विद्यार्थिनी बतूल आली, गाझातल्या एका तंबूत बसलेली. आज बतूलच्या एम.ए.ची तोंडी परीक्षा. परीक्षक दोन, दोन वेगळ्या देशांतून त्याच पडद्यावर आलेले. बतूलचा फोन सोलरच्या पाटीवर चार्ज केलेला. तो संपायच्या आत परीक्षा झाली तर पदवी. न्हाईतर परत कधी जमेल, हे तिकडं कुणालाच सांगता येत नव्हतं.

"कुणी खोकायचं न्हाई," रुख्मिणीबाईंनी दम भरला. "आलाच तर गिळा."

बतूलनं आजीचा झगा कॅमेऱ्यापुढं धरला. काळं कापड, त्यावर लाल टाके. रुख्मिणीबाई पुढं वाकल्या.

"आरसे न्हाईत. कवड्या न्हाईत." मग जरा बघून, "पण टाका बराबर हाय."

"दादी, हळू!" नात पुजा कुजबुजली. तिला मास्तरणीनं सगळं सांगितलं होतं. "कोणत्या गावाचा कोणता टाका, त्ये लिहिलंय तिनं. गावं ऱ्हायली न्हाईत. झग्यांवरून हुडकली."

"आन कॉलेज?"

"पडलं. एक भिंत न्हाई उभी."

"मास्तरीण ही बसली. पोरगी ती बसली. मंग पडलं काहून म्हणता?" रुख्मिणीबाई फणकारल्या. "आपला तांडा पिढ्यान् पिढ्या बैलाच्या पाठीवर व्हता. तरी तांडाच व्हता की."

तेवढ्यात पडदा अडकला. बतूल उघड्या तोंडानं तशीच थिजली. लमीसनं लॅपटॉप उचलून डोक्यावर धरला. स्लॅबवर कुणी श्वास घेईना. मग बतूलचे ओठ हलले, आवाज आला, आणि पेमानं गिळलेला खोकला एकदाचा बाहेर काढला.

प्रश्न आले, उत्तरं गेली. एकदा तर बतूलनं परीक्षकालाच थांबवलं आणि झग्याची शिवण उलटी करून दाखवली. शेवटी म्हाताऱ्या परीक्षकानं चष्मा काढला आणि अरबीत दोन वाक्यं बोलला.

तंबूत एकदम कल्लोळ उठला. बतूलच्या मागं बसलेल्या बायका जिभा हलवून उंच, चिरक्या सुरात ओरडू लागल्या.

पेमा दचकली. "अगं बया! साप निघाला का काय तिकडं?"

"पास!" लमीस म्हणाली. हसायला गेली आणि रडायलाच लागली.

मग, लेक माहेरी आली किंवा जिवाचं माणूस लई दिवसांनी भेटलं की तांड्यात करतात तेच रुख्मिणीबाईंनी केलं. मास्तरणीच्या गळ्यात पडल्या आणि सूर लावून रडू लागल्या. शिला आली, पेमा आली. एकीचा सूर सुटायच्या आत दुसरीनं उचलला. त्या सुरात बतूलचं नाव आलं, तिच्या आजीचं आलं, झग्याचंसुद्धा.

तंबूतला कल्लोळ तुटला.

बतूलचा चेहरा पांढराफटक पडला. मागच्या एका बाईनं तोंडावर हात दाबला. बतूल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती.

"काय म्हणती?" रुख्मिणीबाईंनी सूर थांबवला.

"पूछती है, कौन मर गया."

रुख्मिणीबाई उसळल्या, "मरतंय कशाला कुणी! सांग तिला, आमच्यात खुशी झाली की असंच रडतात. टिटवीवानी वरडायची आमाला सवय न्हाई."

लमीसनं सांगितलं. तंबूत मागून एक म्हातारी पुढं आली, बतूलच्या हातचा फोन घेऊन तिनं तोंडाशी नेला. पडद्यावर तिचं कपाळ आणि एक डोळा तेवढा दिसू लागला.

"दादी है बतूल की," लमीस म्हणाली. "पूछती है, पक्का कोई नहीं मरा?"

"पक्का!"

लमीसनं ते अरबीत पोचवलं. तो डोळा बराच वेळ स्लॅबवरच्या बायकांकडं बघत राहिला. मग म्हातारी काहीतरी बोलली. लमीसनं डोळे पुसत ते सांगितलं.

"बोलती है, तो फिर बंद काहे को किया? और रोओ."

रुख्मिणीबाईंनी ओढणी नीट डोक्यावर घेतली.

"पोरींनो, म्हातारीनं फर्माईश केली हाय," त्या म्हणाल्या. "तांड्याची लाज राखा."

आणि पहिल्यापासून सूर धरला.