गॅलऱ्या मागच्या बाजूला

“पोहायचा तलाव? सोलापुरात?” बिल्डर बापूसाहेब एवढ्या जोरात हसले की टेबलावरचा पुठ्ठ्याचा टॉवर हलला. “अरे विरेश, नळाला पाणी चौथ्या दिवशी येतंय. बादलीत पाय बुडवून बसायचं की काय लोकांनी?”

त्यांच्या भागीदाराचं, विरेशचं, तोंड एवढंसं झालं. रत्नदीपला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. तो या टॉवरचा आर्किटेक्ट. तलाव सोडा, मोठी टाकी बांधा, म्हणून तो कधीपासून घसा कोरडा करत होता.

सात रस्ता चौकाजवळच्या त्या ऑफिसात सकाळपासून खल चालला होता. चौदा मजले, तेही भर शहरात. नकाशे झाले, रंग ठरले. आता प्रश्न एकच उरला होता, घेणार कोण?

“प्रीमियम ठेवू,” विरेश म्हणाला. “निवडक लोक. शाकाहारी सोसायटी म्हणून जाहिरात करू. बाकीचे आपोआप गळतात.”

बाकीचे म्हणजे कोण, हे रत्नदीपला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गेली कित्येक वर्षं तो आईसाठी, मीनाबाईसाठी, चांगल्या भागात घर बघत होता. फोनवर सगळं जमायचं. मग समोरचा आडनाव विचारायचा, आणि फ्लॅट नेमका कालच गेलेला असायचा. आईनं लोकांच्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालून त्याला शिकवलं होतं. तिला एक उजेडाचं घर द्यायचं, एवढाच त्याचा ध्यास. ती मात्र म्हणायची, “आपल्याला कोन देतंय रे बाबा तितं? हितंच बरं हाय की.”

आज त्यानं हिय्या केला. “सर, लोकांच्या ताटात डोकावून फ्लॅट विकले तर निम्मे तसेच पडून राहतील. ज्याला परवडतं त्याला द्या.”

बापूसाहेबांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवरच्या त्या भागाच्या मोठ्या नकाशाकडं पाहिलं.

“पोरगं बरोबर बोलतंय,” ते म्हणाले. “आपल्या दाराला चाळण लावायची न्हाय. कुणीबी येऊ दे. आणि पहिला फ्लॅट रत्नदीपच्या आईला. किमतीचं मी बघतो.”

रत्नदीपच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विरेश आ वासून बघत राहिला.

“फक्त एक बदल कर,” बापूसाहेब म्हणाले. “गॅलऱ्या मागच्या बाजूला घे.”

“मागं पश्चिम आहे सर. उन्हाळ्यात भाजून निघतील माणसं.”

“रस्त्याच्या धुळीपरीस ऊन बरं. मागं बंगल्यांची लिंबाची झाडं हायत की.”

मागच्या गल्लीत सहा जुने बंगले होते. ती जागा मिळावी म्हणून बापूसाहेबांच्या वडिलांनी जंग जंग पछाडलं होतं. मग बापूसाहेबांनीही विचारून पाहिलं. त्यातल्या एका बंगल्याचे मालक सयाजी वकील यांनी तर त्यांना बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

“त्यांना राहू दे सुखानं,” बापूसाहेब म्हणाले. “आपल्या लोकांना शेजार तरी चांगला लाभेल.”

धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो? रत्नदीपनं गॅलऱ्या मागं घेतल्या.

टॉवर उभा राहिला. सगळ्यात आधी राहायला आली ती रत्नदीपची आई, दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. गृहप्रवेश घरच्या घरी, चार माणसांत करावा असं रत्नदीपच्या मनात होतं. आजवर तो असाच जगला होता, कुणाच्या डोळ्यांवर न येता. बापूसाहेबांनी त्याला झापलंच.

“लाजतोस कशापायी? सगळ्या वस्तीला बोलव. गॅलरीत निळा झेंडा लाव. बुद्धवंदना माईकवर होऊ दे. गल्लीला कळू दे घर कुणाचं हाय ते!”

माईक त्यांनीच धाडला. स्वतः आले, बुद्धमूर्तीपुढं हात जोडले, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला, पंगतीत मांडी घालून जेवले. रत्नदीपच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “एवढा मोठा मानूस, पन मन बघ की केवढं!”

“मागच्या बाजूचे फ्लॅट तुझ्याच ओळखीच्यांना दाखव,” निघताना बापूसाहेब म्हणाले. “आईला सोबत होईल.”

रत्नदीपनं दाखवले. मावशी आली, चुलता आला, हणमंत नावाचा शाळेतला मित्र आला. आईला दुपारचं बोलायला माणसं झाली. कधी नव्हे ती ती गॅलरीत उभी राहून हसायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर बापूसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. तो केबिनमध्ये शिरला तेव्हा ते फोनवर होते. त्यांनी बोटानंच खुर्ची दाखवली. स्पीकर चालूच होता.

“काल आमच्या पोरीला बघायला पाहुणे आले होते,” सयाजी वकील बोलत होते. “सारखे त्या गॅलऱ्यांकडं बघत होते. कोण राहतं म्हणून विचारलं, आणि पोहे तसेच ठेवून उठले. बाकीचे पाचही तयार आहेत, बापूसाहेब. द्याल तो भाव द्या, पण आम्हाला इथून सोडवा.”

“माझा काय इलाज, वकीलसाहेब?” बापूसाहेब हळहळले. “जमाना बदललाय. कुणाला नको म्हणता येत न्हाय बघा.”

त्यांनी फोन ठेवला. विरेश टेबलावर नवा नकाशा पसरत होता. त्यात सहा बंगल्यांच्या जागी एकच मोठा चौकोन होता.

“हा दुसरा टॉवर तू म्हणतोस तसा, विरेश. शाकाहारी. तोंड पलीकडच्या रस्त्याला घ्यायचं, आणि ह्या बाजूला एकबी खिडकी ठेवायची न्हाय,” बापूसाहेब म्हणाले. मग पेढ्यांचा पुडा रत्नदीपच्या हातात ठेवून त्यांनी मायेनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “आईला दे. माझ्या बापाला जन्मभर जमलं न्हाय, ते झालं. लई चांगल्या पायगुणाची बाई हाय.”