शिवाशिवीचा चेंडू

राघोनं सुजलेलं पाऊल मधु कारकुनापुढं धरलं.

"भाऊसाहेब, करवंदीचा काटा मोडलाय आत. आज मना पळवनार नाय. दुसरा कोन घ्या."

सामना तोंडावर आला होता. राजवाड्याखालच्या मैदानाभोवती जव्हार आणि मोखाड्याची माणसं दाटून उभी होती. मधु मामलेदार कचेरीत कारकून आणि जव्हारच्या संघाचा म्होरक्या. त्यानं पायाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"लंगडत गेलास तरी चालेल रे," तो हसत म्हणाला. "तुला कोण शिवतंय?"

सगळे हसले. राघोही हसला. मग त्याचं हसू मध्येच थांबलं.

हा खेळ लक्ष्यानं आणलेला. तो देवळालीच्या लष्करी छावणीत खानसाम्याच्या हाताखाली होता. तिथले गोरे सोल्जर संध्याकाळी खेळायचे. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे टेकवायचा. पाडापाडी नाही, ओढाओढी नाही. दुसऱ्या बाजूचा हात अंगाला लागला की गडी बाद, चेंडू त्यांचा. संस्थान विलीन झालं, मैदान सगळ्यांचं झालं आणि मिशा पिकायला आलेले मास्तर, तलाठी, शेतकरी रविवारी धोतरं खोचून शिवाशिवी खेळू लागले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण बघता बघता जव्हार, मोखाडा, खोडाळा, जामसर असे चार संघ उभे राहिले आणि जिंकणाऱ्याला लाकडी ढाल ठरली.

राघो ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. जमीन नाही, मोळ्या विकून पोट भरायचं. दिवाळीनंतर जव्हारला एक गडी कमी पडला तेव्हा मधुनं त्याला बोलावलं. गावात कुजबुज झाली. मधु म्हणाला, शिवाशीव कायद्यानं गेली आता. कायद्याची नोटीस त्यानंच खळ लावून कचेरीच्या भिंतीवर चिकटवली होती. कारकून सुधारलेला निघाला, असं लोक म्हणाले.

आणि राघो पहिल्याच रविवारी सुसाट सुटला. सगळ्या हंगामात समोरच्या एकाही गड्याला त्याला शिवता आलं नाही. पोरंसोरं त्याला 'वाऱ्या' म्हणू लागली. घरी गेला की त्याची बायको गंगी विचारायची, "आज कोनी शिवला का?" आणि तो छाती काढून म्हणायचा, "मना कोन शिवंल!"

खेळ संपल्यावर बाकीचे एकाच तांब्यातून पाणी प्यायचे. राघोच्या ओंजळीत वरून धार पडायची. त्याचं त्याला काही वाटत नसे. धार जन्मापासूनची होती. पळणं नवीन होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

आज तो लंगडतच मैदानात उतरला. चेंडू मिळाला तसा मुद्दाम सावकाश निघाला. मोखाड्याचे गडी धावून आले. हात पुढं आणि अंग मागं. त्यानं आज पहिल्यांदा नीट पाहिलं. एकेक हात वीतभर अलीकडे येऊन थांबत होता. तो चालत रेषेपर्यंत गेला आणि चेंडू टेकवला.

"वाऱ्या! वाऱ्या!" लोक ओरडले.

राघोला वाईट वाटलं. पाण्याच्या धारेचं कधी वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं.

उन्हं डोंगराला टेकली की पंच म्हणून उभा असलेला लक्ष्या शेवटची शिट्टी मारणार होता. दोन्ही संघ बरोबरीत होते. आता एकदा चेंडू टेकला की ढाल जव्हारची, नाहीतर बरोबरीत ती गेल्या वर्षी जिंकलेल्या मोखाड्याकडेच राहणार. मधुनं लांबूनच चेंडू राघोकडे फेकला. राघो लंगडत रेषेपर्यंत गेला आणि एक पाऊल अलीकडे उभा राहिला.

"टेकव!" मधु ओरडला. "अरे, टेकव ना!"

राघो मागं वळला. मोखाड्याचे गडी थबकले होते. सगळ्यांत जवळ होते जिवा गुरुजी, पोशेऱ्याच्या शाळेवरचे.

"शिवा ना, गुरुजी," राघो म्हणाला. "डाव हाय. शिवा."

गुरुजींचा हात निम्मा पुढं आला आणि तसाच राहिला. मैदानाच्या कडेला सगळं गाव बघत होतं. राघोनं वाट पाहिली. मग त्यानं चेंडू रेषेच्या अलीकडेच खाली ठेवला.

"बाद," तो म्हणाला. "मना शिवला."

लक्ष्या धावत आला. "कोणी शिवलं?"

कोणी शिवलं नसेल तर चेंडू अजून जव्हारचा होता, आणि तो उचलायला मधु धावत सुटला होता. मोखाड्याच्या एकानं नुसतं 'मी' म्हटलं असतं तरी ढाल त्यांची होती. पण गावादेखत तो शब्द कोणाच्या तोंडातून निघेना.

"मी," जिवा गुरुजी म्हणाले.

ते खोटं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. गर्दीतून गुरुजींची आई धोंडीबाई कळवळून ओरडली, "नाय शिवला! माझा पोर नाय शिवला त्याला! मी पायलाय!"

गुरुजींनी आईकडे पाहिलं. मग ते दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी राघोच्या घामेजल्या खांद्यावर सगळा पंजा ठेवला.

"आता शिवलो," ते म्हणाले.

लक्ष्यानं शिट्टी मारली. मोखाड्याची माणसं ओरडायचं विसरली. मधुनं हातातली टोपी जमिनीवर आपटली आणि राघोला नाही नाही ते बोलला.

राघो ओढा ओलांडून घरी आला तेव्हा गंगी दारातच उभी होती. जव्हार हरल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढायला बाभळीचा दुसरा काटा हातात धरला. नवऱ्याचं तोंड बघून तिला काही उमगेना.

"शिवला का रं कोनी?" तिनं भीत भीत विचारलं.

"शिवला," राघो म्हणाला आणि हसला. "बाद झालो गंगी, चारचौघांसारखा."