शंभर टक्के नैसर्गिक

वारूळवाडीच्या जालिंदरच्या फर्निचरमध्ये प्लायवूडचा तुकडा सापडायचा नाही की केमिकलचा थेंब. पिंपरी पेंढारच्या म्हाळसाबाईंचं अख्खं किचन त्यानं कडबा दाबून केलेल्या फळ्यांचं केलं आणि चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलं. ते ऐकून पुण्याहून एक रिसॉर्टवाल्या बाई बघायला आल्या. पसंत पडलं तर सगळ्या रिसॉर्टचं काम मिळणार, म्हणून जालिंदर इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या गाडीत पुढं बसला आणि वाटभर त्या खळीचंच कौतुक सांगत राहिला.

गावाबाहेर म्हाळसाबाईंचा मुलगा यमाजी मेंढरं घेऊन माळाकडं चाललेला दिसला. जालिंदरला बघून त्यानं तोंड फिरवलं. मेंढरं मात्र लई खुशीत होती.

घरात पाऊल टाकलं, तर ओट्याखाली नुसत्या बिजागऱ्या आणि हँडलं पडलेली.

“मावशी, किचन कुठंय?” जालिंदरच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हाळसाबाईंनी आधी बाईंना पाण्याचा तांब्या दिला, मग चटई अंथरली.



“बसा पावणं. किचन माळावर चरायला गेलंय, दिस मावळायला येईल माघारी.”