निवायला ठेवलेला कोळसा

"अजून गरमच आहे," ढिगात खुपसलेल्या तापमापक सळईवरचा आकडा वाचून ती म्हणाली.

"असायचाच," बाबा म्हणाले. "कोळसा कुणाचा आहे? माझा. इतक्यात कसा निवेल?"

तिला हसू आलं. ते तिने दाबलं, कारण ती कामावर होती. जहाजावर चढणारा धोकादायक माल तपासणं ही तिची नोकरी, आणि वखार तिच्या बापाची. पूर्वी नमुना चाचणीत पास झाला की कोळसा साधा माल म्हणून जायचा. यंदा नियम बदलला. आता लाकडी कोळसा म्हटला की धोकादायकच. भट्टीतून काढून उघड्यावर निवू द्यायचा आणि पारा चाळिसाच्या खाली उतरला तरच कंटेनरात भरायचा. नाहीतर पठ्ठ्या भर समुद्रात आपसूक पेटतो.

पण या नियमाने एक नवल केलं होतं. बापलेकीचा अबोला मोडला होता. वखार सोडून तिने ही नोकरी धरली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "माझ्याच मालाला नावं ठेवायला शिकतेस होय!" त्यावर कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ. मग एक दिवस वखारीतून तपासणीसाठी बोलावणं आलं. ती गेली. बाबा पहिल्या दिवशी तिला "आपण" म्हणाले. मग "तुम्ही" म्हणाले. हल्ली "अगं" म्हणायचे.

रोज आकडा स्थिरावेपर्यंत दोघं रिकाम्या पोत्यांवर बसायची. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडायचे आणि काळी धूळ त्यांत सोनेरी होऊन तरंगायची. लांबून जहाजाचा भोंगा यायचा. बोलता बोलता बाबांना डुलकी लागायची, मग तिलाही. जाग आल्यावर स्वप्नातलं बोलणं कुठलं आणि खरं कुठलं, काही कळायचं नाही. कधी वाटायचं, गेलेली आईच दारात उभी आहे आणि दोघांना जेवायला हाक मारते आहे. तिला ते हवंहवंसं वाटायचं.

वखारीत मजूर मात्र दिसत नसत. "जेवायला गेलेत," बाबा सांगायचे. माल म्हणावा तर तो एकच ढीग. आकडाही लहरी, आज उतरला तर उद्या उगाच चढायचा. "ढिगाच्या पोटात ऊब दबून राहते गं," बाबा म्हणायचे, आणि तिला ते पटायचं. धंदा बसलाय बिचाऱ्यांचा, एवढंच तिच्या मनात येई.

"जहाज उद्या सुटतंय," ती आज म्हणाली. "हे चुकलं तर गिऱ्हाईक जाईल ना?"

"जाईल."

"आणि वखार?"

"बंद पडेल. आणखी काय?"

वखार बुडाली तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार. मग पुन्हा तो अबोला! आता तिला तो सोसवला नसता. सळईवर एक्केचाळीस दिसत होतं.

"बाबा, मी एकोणचाळीस लिहिते. कुणाला कळणार आहे?"

बाबा ताडकन उठले. "खबरदार! जहाजावर कुणाची तरी लेकरं असतात." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "उद्या ये की. उद्या बघू."

"अहो, उद्या जहाज जाईल!"

"जाऊ दे. दुसरं येईल."

तिला भरून आलं. बुडायची वेळ आली तरी हा माणूस तत्त्व सोडत नाही! आपण काय लिहायला निघालो होतो, याची तिला लाज वाटली. ती तडक जहाज कंपनीच्या कचेरीत गेली. कपाळावर चष्मा चढवून कारकून तोच चष्मा टेबलावर शोधत होता.

"बाबांच्या कंटेनरला पुढच्या जहाजावर जागा धरून ठेवा," ती म्हणाली. "त्यांचा कोळसा काही केल्या निवत नाहीये. हात जोडते तुम्हाला."

"कुठला कंटेनर?" कारकुनाला चष्मा सापडला. त्याने संगणकात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "अहो ताई, त्यांनी तर नियम बदलला तेव्हाच धंदा बंद केला. गिऱ्हाईक नाही, कंटेनर नाही. भट्टीवाला सांगतो, रोज सकाळी आदल्या दिवशीचा निवलेला कोळसा भट्टीवर परत देतात आणि ताजा, गरम विकत नेतात. आता काय बोलायचं!"

तिने टेबलाची कड घट्ट धरली. "तुम्हाला काही म्हणाले का ते?"

"छे! धंदा बंद केल्याचं सांगायला आले, तेव्हा नव्या नियमात कोळसा तपासायला कोण येतं, एवढं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. तर म्हणाले, 'आणि कोळसा निवलाच नाही, तर तिला रोज यावं लागतं का हो?'"