भिंतीतलं दार

"नवरदेवावर जरा लक्ष ठेवा," नवरीच्या मुलीने फोटोग्राफरला कोपऱ्यात घेऊन बजावलं. "आई भोळी आहे हो. मला हा माणूस काही सरळ वाटत नाही."

लग्न तरी कसलं! नवरी साठीची, नवरा चौसष्ट वर्षांचा, पाहुणे मोजून नऊ, आणि सोहळा म्हणजे नोंदणी अधिकाऱ्यापुढे दोन सह्या. त्यासाठी नवरदेवाने हट्टाने निवडलं होतं ते दोनशे वर्षांचं घर. आता ते तिकीट लावून दाखवतात. खुर्च्यांनाही दोरी बांधलेली. तिथली राखणदार बाई सकाळपासून सगळ्यांच्या मागे मागे. "फ्लॅश नको. भिंतीला हात नको. अहो, टेकू नका!"

एकदा डोक्यात संशय शिरला की शिरला. नवरदेव म्हणाला होता, हे घर आज पहिल्यांदाच बघतोय. मग जिन्याची कुरकुरणारी पायरी याने न बघता बरोब्बर कशी टाळली? फोटोग्राफर कॅमेरा रोखूनच उभा राहिला. तेवढ्यात नवरदेवाने इकडेतिकडे पाहिलं, जिन्याखालच्या नक्षीदार फळीवर तळहात दाबला, फळी दारासारखी उघडली आणि पठ्ठ्या आत गडप!

फोटो पाहून मुलीचा पारा चढला. "कुणी सही करायची नाही," तिने अधिकाऱ्याला सांगितलं आणि तरातरा फळीकडे निघाली. फोटोग्राफर मागोमाग.

आत एका माणसापुरता अंधारा बोळ होता. नवरदेव दाराच्या चौकटीशी वाकून काहीतरी चाचपत होता.

"खोटं का बोललात?"

तो दचकला. "लाज वाटली गं. माझी आई इथे भांडी घासायची. मला या दाराच्या पुढे यायची बंदी होती. फटीतून काय दिसेल ते बघायचं, डोक्यावरची कुठली पायरी कुरकुरते ते ऐकायचं, बस्स. तुझ्या आईला सगळं ठाऊक आहे. तुला सांगायचं धाडस होईना."

मुलीने मोबाइलचा उजेड पाडला. चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या सात रेघा होत्या, एकीवर एक. सगळ्यात वरची तिच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती.

"दर वाढदिवसाला आई माझी उंची मोजायची," तो म्हणाला. "मग आई गेली."

फोटोग्राफरला स्वतःच्याच फोटोची शरम वाटली. मुलगी बाहेर गेली आणि अधिकाऱ्याच्या हातातलं पेन घेऊन परत आली.

"अगं, सह्या राहिल्यात ना!" मागून नवरी ओरडली.

"दोन मिनिटं थांब, आई." मुलगी नवरदेवाकडे वळली. "पाठ टेकवा चौकटीला. टाचा उचलायच्या नाहीत."

तो ताठ उभा राहिला. तिने टाचा उंचावल्या, पेन त्याच्या डोक्यावर आडवं धरलं आणि एकदम थबकली. दाराबाहेर जमलेल्या सगळ्यांनी मागे उभ्या राखणदार बाईकडे पाहिलं.

बाई छताकडे बघत होती.

"फ्लॅश तेवढा मारू नका," ती म्हणाली.