गॅरंटीचं पान

“सांग तिले, गळतीचं पान काढून टाक म्हणा,” फुलचंद बायकोला म्हणाला.

धुरपताबाईनं मान वळवली आणि हातभर अंतरावर लॅपटॉपवर वेबसाइट लिहीत बसलेल्या सुनेला सांगितलं, “गळतीचं पान काढ म्हणते.”

बबितानं ते पहिल्या खेपेलाच ऐकलं होतं. तरी तिनं पदर पुढं ओढला आणि सासूकडं पाहत उत्तर दिलं, “काहून म्हणा? लोकायचे पत्रे गळतेत म्हणून तर ते आपल्याले शोधतीन.”

“गळती लिवली का लोक म्हणतीन, यायचेच पत्रे गळतेत,” फुलचंद म्हणाला.

पान गेलं.

बंजारा तांड्यातल्या या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. सासू मध्ये बसते आणि बोलणं इकडून तिकडं पोचवते. एरवी घरात गोरबोली. पण वेबसाइटचा विषय निघाला की फुलचंद मराठीवर यायचा. कंपनीचं काम म्हटल्यावर भाषाही कंपनीची हवी. कंपनी म्हणजे फुलसावंगी रोडवरचं एक शेड, एक वेल्डिंग मशीन आणि ‘फुलचंद रूफिंग’ अशी पाटी.

वेबसाइट झाली की बबितानं पुण्याला नवऱ्याकडं जायचं, असं ठरलं होतं. शामनं चाकणला खोली घेतली होती. कुकर घेऊन त्याचा फोटोसुद्धा पाठवला होता. बबिताची बॅग भरून दाराआड उभी होती. तिनं झपाट्यानं घराच्या पत्र्यांचं पान लिहून टाकलं, तर फुलचंदला गोदाम आठवलं. गोदाम झालं, तर कापसाचं जिनिंग. जिनिंग झालं, तर कोंबड्यांचं शेड. जे छप्पर त्यानं जन्मात घातलं नव्हतं, तेही त्याला आठवू लागलं. परवा तर गडी बसस्टॉपच्या छपरापर्यंत पोचला होता.

चूक बबिताचीही होती. ती चांगलं लिहायची. जरा वाईट लिहिलं असतं, तर केव्हाच चाकणला त्या कुकरमध्ये भात शिजला असता.

आजचं पान मात्र शेवटचं, याची तिला खात्री होती. गॅरंटी दिल्यावर आणखी काय द्यायचं उरतं? तिनं सासूच्या तोंडाकडं पाहत वाचलं, “पत्रे बसवून आम्ही निघून जात नाही. दहा वर्षांत केव्हाही फोन करा. आम्ही इथेच आहोत.”

फुलचंदनं ते पुन्हा वाचायला लावलं. वाक्य त्याला आवडलं. जरा जास्तच आवडलं.

“सांग तिले, याच्याखाली नंबर टाक.”

“कोणाचा म्हणते?” धुरपताबाईनं विचारलं.

“तिचाच. मी राह्यतो पत्र्यावर चढेल. तिथं फोन उचलू का स्क्रू मारू? लिवलं तिनं, तं सांगनही तिनंच.”

बबिताची बोटं थांबली. सासऱ्याशी न बोलणाऱ्या सुनेनं आता साऱ्या तालुक्याशी बोलायचं होतं. ती सासूला म्हणाली, “पुण्याहून पण उचलता येते म्हणा फोन.”

“अन् माणूस म्हणाला, पत्रा उडाला, पाहाले या, तं? पुण्याहून येईन का ते?” फुलचंदनं स्क्रीनकडं बोट केलं. “आम्ही इथंच हाओत, हे मी लिवलं का?”

यावर धुरपताबाईनं काहीच पोचवलं नाही. पोचवायला काही उरलंच नव्हतं.

बबितानं नंबर टाकला. फुलचंदनं खिशातून फोन काढला. “पाहतो लावून,” म्हणाला.

बबिताच्या मांडीवरचा फोन वाजला. तिनं सासूकडं पाहिलं.

“उचल,” धुरपताबाई म्हणाली. “गिऱ्हाईक हाय.”

“हॅलो,” फुलचंदनं आवाज जाड केला होता. तो भिंतीकडं तोंड करून बसला. “मी ढाणकीहून बोलून राह्यलो. गोठ्यावर पत्रे टाकाचे हायेत. गॅरंटी किती?”

“दहा वर्षं.”

“अन् तुम्ही पळून गेले मंग?”

“नाही. आम्ही इथेच आहोत.”

“शाब्बास,” गिऱ्हाईक म्हणालं.

पण फोन अजून चालू होता. लग्न होऊन आल्यापासून हा माणूस तिला पहिल्यांदाच असा थेट कानाशी सापडला होता, आणि पुन्हा सापडेल असं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि गोरबोलीत, घाईघाईनं विचारलं, “बापू, मला पुण्याला केव्हा पाठवाल?”

फुलचंदनं फोन कानावरून काढला. त्याच्याकडं पाहिलं. बंद केला. मग बायकोकडं वळून मराठीतच म्हणाला, “सांग तिले, गिऱ्हाइकाले असं पुसत नसतेत.”

आणि चप्पल घालून तो शेडकडं निघून गेला.

धुरपताबाई उठली. दाराआडची बॅग तिनं ओढून काढली, पदरानं वरची धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी माळ्याकडं उचलली. बॅग अर्ध्यावरच अडली.

“खाली उंदरं कुरतडतेत वो,” तीही मराठीतच म्हणाली. “जरा हात लाव. जड हाय.”

बबितानं लॅपटॉप बाजूला ठेवला, उठली, आणि खालून हात लावला.